खजिनदार कोण?

नमस्कार, श्रोतेहो.

व्यसनमुक्ती केंद्रातून माणूस घरी येतो, तेव्हा घरच्यांना वाटतं, सुटलो एकदाचे. खरी कसोटी मात्र तिथून पुढे लागते. शरीरातली नशा उतरलेली असते, तलफ दबा धरून बसलेली असते. नोकरी गेलेली असते. मित्र म्हणावेत तर सगळे सोबत प्यायला बसणारेच. आणि संध्याकाळ तर रोज न चुकता येते. घरच्यांची माया असते, पण ती पाकीट उशाखाली घेऊन झोपते. आंघोळीला पाच मिनिटं जास्त लागली की दारावर थाप पडते. त्यांना दोष कसा द्यायचा? वर्षानुवर्षं पोळलेली माणसं ती. तरीही, उठता-बसता संशयाची नजर झेलणाऱ्या माणसाने स्वतःवर तरी विश्वास कसा ठेवायचा?

म्हणून आज एका वेगळ्या घराबद्दल बोलणार आहे. व्यसन सोडलेल्या माणसांनी, आपल्यासारख्याच इतरांसोबत राहून, स्वतः चालवलेलं घर.

१९७५ साली अमेरिकेत, मेरिलँड राज्यातल्या सिल्व्हर स्प्रिंग इथे, दारू सोडलेल्या पुरुषांचं एक निवासगृह बंद पडणार होतं. तिथे राहणाऱ्यांनी ठरवलं, घर आपणच भाड्याने घ्यायचं आणि आपणच चालवायचं. पॉल मोलॉय त्यांच्यातलेच एक. जुन्या निवासगृहात सहा महिने झाले की जागा सोडावी लागे, आणि बाहेर पडलेले पुन्हा पिऊ लागलेले या मंडळींनी पाहिले होते. म्हणून नव्या घरात मुदतच ठेवली नाही. जितके दिवस गरज, तितके दिवस राहा. ऑक्सफर्ड हाउस या नावाने पुढे अशी घरं पसरत गेली. पुरुषांची वेगळी, स्त्रियांची वेगळी. काही घरांत मुलांना घेऊन आईही राहू शकते.

नियम मोजके. घर लोकशाही पद्धतीने चालवायचं, खर्च सगळ्यांनी वाटून उचलायचा, आणि कोणी पुन्हा नशा केली तर त्याने घर सोडायचं. नव्या माणसाला घ्यायचं तर राहणाऱ्यांपैकी ८० टक्के मतं त्याच्या बाजूने पडावी लागतात. दर आठवड्याला बैठक. पगारी वॉर्डन नाही, व्यवस्थापक नाही.

मला यात सगळ्यांत मोलाचं वाटतं ते खजिनदाराचं पद. विचार करा, ज्याने घरच्या कपाटातले पैसे उचलले, त्याच्याच हाती दहा जणांच्या भाड्याचा हिशेब द्यायचा! हा भाबडेपणा नाही. चेकवर दोघांच्या सह्या लागतात, वही बैठकीत सर्वांपुढे उघडते, आणि सहा महिन्यांनी पद दुसऱ्याकडे जातं. विश्वास टाकायचा, पण त्याला पारख जोडूनच. स्वतःच्या घरी त्याला कोणी काम सांगत नव्हतं, कारण तो करणार नाही हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. इथे त्याने हिशेब नाही लिहिला, तर घराचं भाडं थकतं. आपल्यावाचून काहीतरी अडतं, ही जाणीव कित्येक वर्षांनी पहिल्यांदा होते. उपदेशाने ती होत नाही.

आणि सोबतीचं काय सांगू! ‘डोकं दुखतंय, आज मिटिंगला येत नाही,’ हे वाक्य घरच्यांना साधं वाटेल. शेजारच्या खाटेवरचा माणूस लगेच कान टवकारतो. त्याने स्वतः ते शंभरदा म्हटलेलं असतं. तो येऊन नुसता बसतो, बोलतं करतो, आणि तलफेची लाट ओसरते.

शिकागोच्या डीपॉल विद्यापीठातल्या लेनर्ड जेसन आणि सहकाऱ्यांनी उपचार घेतलेल्या १५० जणांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली. निम्मे अशा घरांत राहायला गेले, निम्म्यांना नेहमीचा पाठपुरावा मिळाला. दोन वर्षांनी पहिल्या गटात सुमारे ३१ टक्के लोक नशा करत होते, दुसऱ्या गटात सुमारे ६५ टक्के.

पण अशा घराला दवाखाना समजू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. तो टप्पा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच पार पडायला हवा. हेरॉइनसारख्या नशेची तलफ आवरायला डॉक्टर देतात ती मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही औषधं सुरू आहेत म्हणून काही घरांनी लोकांना दारातूनच परत पाठवलं आहे. मला हे साफ चूक वाटतं. औषध घेणं म्हणजे नशा करणं नव्हे.

घसरलेल्याला बाहेर काढण्याचा नियम कठोर आहे, आणि बाकीच्यांसाठी तो लागतोच. मात्र त्याला रात्री रस्त्यावर सोडणं हा नियमाचा भाग होता कामा नये. काही महिने नशा बंद असली की शरीराची सवय मोडते. हेरॉइनसारख्या पदार्थाची जुनीच मात्रा तेव्हा प्राण घेते. म्हणून घरात प्रवेश देतानाच लिहून घ्यावं: घसरलास तर कुठे जाशील, कोणाला फोन करायचा? आणि घरात नॅलोक्सोन, म्हणजे हेरॉइनसारख्या पदार्थाच्या अतिमात्रेवरचा उतारा, असावं, सगळ्यांना ते देता यावं.

एक इशाराही देते. १९५८ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली सिनॅनॉन ही संस्थासुद्धा ‘आम्हीच एकमेकांना सावरू’ म्हणतच उभी राहिली होती. सगळी सत्ता चार्ल्स डेडरिक या संस्थापकाच्या हाती एकवटली. एकमेकांना शिव्या घालणं हाच उपचार ठरला, आणि १९७८ मध्ये विरोधातल्या वकिलाच्या टपालपेटीत विषारी साप ठेवण्यापर्यंत मजल गेली. तेव्हा आपल्या माणसासाठी असं घर बघायला जाल, तर भिंतीवरची सुवचनं वाचत बसू नका. विचारा, खजिनदार कोण? त्याच्याआधी कोण होतं? वही बघता येईल का? इथून कोणाला जावंसं वाटलं, तर दार उघडं असतं का?

आणि तो तिथे राहायला गेला, की पहिल्या फोनवर ‘घेत नाहीस ना?’ एवढं विचारू नका. त्यापेक्षा विचारा, ‘या आठवड्यात तुझ्याकडे कोणतं काम आलंय?’ मग तो सांगेल ते सगळं ऐकून घ्या. भांडी घासण्याच्या पाळीवरून झालेलं भांडणसुद्धा.

नमस्कार.