एका जिवाणूची पाच नावं

एफझेडबी ४२ नावाचा एक जिवाणू आहे, त्याच्यापासूनच सुरू करतो. जर्मनीत साखरेच्या बीटाच्या शेतातल्या मातीतून काढलेला. मुळावर बसतो, बुरशीला मारणारी रसायनं सोडतो, पीक जोमानं वाढतं, त्याची व्यापारी उत्पादनंसुद्धा विकली जातात. आता या एकाच जिवाणूला किती नावं मिळाली बघा. आधी बॅसिलस सबटिलिस. मग बॅसिलस अ‍ॅमायलोलिक्विफेशियन्स, हे मी पूर्ण एकदाच म्हणणार, यापुढे नुसतं अ‍ॅमायलो. २००७ मध्ये त्याचा पूर्ण जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएची सगळी अक्षरं, छापून आला तो याच नावानं. २०११ मध्ये त्याची वेगळी उपप्रजाती केली, प्लँटारम. २०१५ मध्ये ठरलं की अरे ही तर मिथायलोट्रॉफिकसच आहे, आणि वर्षभरात तेही गेलं आणि वेलेझेन्सिस आलं. जिवाणू तोच, फ्रीझरमधली कुपीसुद्धा तीच.

लोक वैतागतात, आणि बरोबर आहे त्यांचं, पण हा रिकामटेकड्यांचा उद्योग नाहीये. यामागे आपण जिवाणू ओळखतो कसे हा प्रश्न आहे, आणि त्या प्रश्नाचा आपल्या जिवाणू खताच्या पाकिटाशी थेट संबंध आहे.

मुळाभोवतीची जी काही मिलिमीटर माती असते ना, तिच्याकडे वेगळं म्हणून पहिल्यांदा बोट दाखवलं लॉरेन्झ हिल्टनर या जर्मन माणसानं, १९०४ साली. झाड पानात बनवलेल्या अन्नातला काही भाग मुळावाटे बाहेर सोडतं, साखरा, आम्लं, आणि त्याच्यावर जिवाणूंची ही गर्दी जमते. त्यातले काही उपयोगाचे, काही नुसतेच बसलेले, काही त्रासदायक. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर बहुतेक सगळे काडीसारखे नाहीतर गोल, म्हणजे रूपावरून काही कळत नाही. मग कुठली साखर खातो, किती तापमानाला वाढतो, असल्या चाचण्या लावायच्या, पण सबटिलिसच्या गोतावळ्यात या चाचण्यांची उत्तरं इतकी सारखी येतात की त्यावरून प्रजाती ठरवायची म्हणजे अंदाजपंचे काम.

मग १६एस आलं. प्रत्येक जिवाणूत असलेलं साधारण दीड हजार अक्षरांचं जनुक, फार हळू बदलतं, कार्ल वूज यांनी १९७७ मध्ये त्याच्यावरूनच सजीवांची तिसरी शाखा दाखवली, त्यामुळे त्याचं महत्त्व कमी करायचा माझा हेतू नाही. पण हळू बदलतं हेच जवळच्या भावकीत अडचणीचं होतं. आपले अ‍ॅमायलो आणि वेलेझेन्सिस यांचं १६एस ९९ टक्क्यांच्या वर जुळतं! दीड हजार अक्षरांत पाच-दहा अक्षरांचा फरक, त्याच्यावर काय निवाडा देणार? आणि गंमत म्हणजे आजही कितीतरी प्रबंधांत नुसतं १६एस करून थेट प्रजातीचं नाव लिहून मोकळे होतात, मला हे अजिबात पटत नाही, वंशापर्यंत, म्हणजे नावाच्या पहिल्या शब्दापर्यंत, ठीक आहे, त्याच्या पुढे जाऊ नका.

दुसरी पद्धत होती डीएनए संकरणाची. दोन जिवाणूंचा डीएनए गरम करून धागे सुटे करायचे, एकत्र थंड होऊ द्यायचे आणि कोण कोणाशी किती जुळून बसतंय ते मोजायचं, ७० टक्के किंवा जास्त आलं तर एकच प्रजाती. १९८७ पासून हाच नियम. फार किचकट काम, आणि एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबशी जुळेलच असं नाही. वेलेझेन्सिसचा घोळ इथेच झाला. २००५ मध्ये स्पेनमधल्या मालागाजवळच्या वेलेझ नदीतून काढलेल्या जिवाणूला हे नाव दिलं गेलं, हो, नदीतून, मुळाशी काही संबंध नाही, आणि २००८ मध्ये दुसऱ्या गटानं संकरण वगैरे करून सांगितलं की ही वेगळी प्रजाती नाहीच, अ‍ॅमायलोच आहे. नाव बाद.

आता जीनोम. पूर्ण जीनोम वाचता यायला लागल्यावर हा सगळा हिशोब कॉम्प्युटरवर करता येतो आणि जगात कुठेही केला तरी तोच आकडा येतो, माझ्या मते खरा फायदा हाच. सगळ्यात जास्त वापरतात ते एएनआय, म्हणजे सरासरी किती अक्षरं सारखी आहेत ते. मूळ पद्धत सोपी आहे. एका जीनोमचे १०२० अक्षरांचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा दुसऱ्या जीनोममध्ये शोधायचा, जे नीट सापडतील त्यांची जुळणी टक्क्यात काढायची आणि सरासरी घ्यायची. ९५-९६ टक्क्यांच्या वर आलं तर एक प्रजाती, आणि हा आकडा जुन्या ७० टक्क्यांच्या संकरणाशी जमतो हे २००५ ते २००९ च्या दरम्यान तपासून दाखवलं गेलं. २०१८ मध्ये तर सुमारे ९० हजार जीनोम एकमेकांशी ताडून पाहिले, तेव्हा दिसलं की जोड्या एकतर ९५ च्या वर पडतात नाहीतर ८३ च्या खाली, मधे फारसं कोणी नाही.

फारसं नाही, अगदीच नाही असं नाही! अ‍ॅमायलोचा मूळ प्रमाण-स्ट्रेन, म्हणजे ज्याच्याशी ताडून ती प्रजाती ठरवतात तो वाण, डीएसएम ७ आणि आपला एफझेडबी ४२ यांचा आकडा ९३-९४ च्या आसपास येतो, म्हणजे बरोबर त्या मधल्या खड्ड्यात. म्हणूनच यांच्यावर इतकी वर्षं भांडण चाललं, ही जोडी खरंच सीमेवरची आहे. २०१६ मध्ये वेलेझेन्सिस, मिथायलोट्रॉफिकस, प्लँटारम आणि कोरियातल्या भातातला ओरायझिकोला या सगळ्यांचे जीनोम शेजारी ठेवले तेव्हा उलगडा झाला की हे चौघे एकच आहेत आणि अ‍ॅमायलो वेगळा. मग नाव कुठलं? नियम असा की आधी रीतसर दिलेलं नाव टिकतं. २००५ चं वेलेझेन्सिस सगळ्यात जुनं, बाद केलेलं नाव परत गादीवर. त्यामुळे आज जगभर मुळांवर वापरल्या जाणाऱ्या एका मोठ्या गटाला एका स्पॅनिश नदीचं नाव आहे.

इथपर्यंत ऐकून वाटेल की चला, एएनआय काढलं की काम झालं. तर नाही. ही सरासरी फक्त दोघांत जे सापडतं त्याचीच असते. दोन घरांतली भांडी सारखी आहेत का हे मोजलं, पण एका घरात कपाटात बंदूक आहे हे त्या मोजणीत आलंच नाही, तसं आहे हे. एफझेडबी ४२ च्या सुमारे ३९ लाख अक्षरांपैकी साडेआठ टक्क्यांहून जास्त भाग प्रतिजैविकं आणि लोह पकडून आणणारी रसायनं बनवण्यात गुंतलाय. सरफॅक्टिन, फेंजायसिन, बॅसिलोमायसिन, डिफिसिडिन, मॅक्रोलॅक्टिन अशी मोठी यादी आहे. डीएसएम ७ मध्ये डिफिसिडिन आणि मॅक्रोलॅक्टिनचे जनुकगट नाहीतच. हा फरक ९३-९४ या आकड्यात दिसत नाही. म्हणून जीनोम तुलना दोन पायऱ्यांत करावी लागते, आधी नातं ठरवायचं, मग सगळ्यांत असणारी जनुकं कुठली आणि मोजक्यांकडेच असणारी कुठली हे वेगळं करायचं. झाडाच्या कामाची जनुकं बऱ्याचदा त्या मोजक्यांत असतात.

आणि ती जनुकं एका जागी बसून राहत नाहीत. न्यूझीलंडचं उदाहरण मला फार आवडतं. तिथे लोटस नावाच्या चाऱ्याच्या पिकाला गाठी आणणारे जिवाणू मातीत नव्हते, म्हणून मेसोरायझोबियम लोटीचा एकच स्ट्रेन बियाण्याला लावून पेरणी केली. सात वर्षांनी गाठी फोडून बघतात तर आत तऱ्हेतऱ्हेचे स्ट्रेन! झालं असं होतं की टोचलेल्या जिवाणूनं गाठी पाडायची आणि नत्र बांधायची सगळी जनुकं, साधारण पाच लाख अक्षरांचा आख्खा तुकडा, मातीतल्या स्थानिक भाऊबंदांना देऊन टाकला होता. काल ज्यांना गाठ पाडता येत नव्हती ते आज पाडायला लागले. हे १९९५ मध्ये छापून आलं. आता सांगा, गाठी पाडतो का यावरून प्रजाती ठरवली असती तर काय झालं असतं?

कुणी म्हणेल मग प्रजातीचं नाव सोडूनच द्या, कामाशी काम ठेवा. ते पण चालत नाही, आणि त्याचं कारण आहे बर्कहोल्डेरिया. व्हिएतनाममध्ये भाताच्या मुळांवर बर्कहोल्डेरिया व्हिएतनामिएन्सिस सापडला, नत्र बांधणारा, भाताला फायद्याचा, १९९५ मध्ये नाव मिळालं. पण हा सेपेशिया गटातला आहे, आणि सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसं बिघडवणारा आनुवंशिक आजार झालेल्या रुग्णांच्या फुप्फुसात हाच गट जिवावर उठतो, खुद्द व्हिएतनामिएन्सिससुद्धा अशा रुग्णांत मिळालाय. आता असला जिवाणू पोत्यात भरून शेतकऱ्याच्या हातात द्यायचा का? मी देणार नाही. २०१४ मध्ये जीनोमच्या आधारानं या वंशातली बरीचशी पर्यावरणातली, झाडांशी जमवून असलेली मंडळी पॅराबर्कहोल्डेरिया म्हणून बाजूला काढली, तेव्हा निदान कुठल्या घराण्यात जपून पाऊल टाकायचं हे तरी कळलं. तरी नुसत्या वंशाच्या नावावर विसंबू नका, स्ट्रेनचा जीनोम उघडून रोगकारक जनुकं आणि प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकं शोधावीच लागतात.

आपल्याकडे सोयाबीनच्या बियाण्याला गुळाच्या पाण्यात कालवून जे रायझोबियम चोळतात ते खरं म्हणजे ब्रॅडीरायझोबियम, हरभऱ्याचं ते मेसोरायझोबियम, उसाचं अ‍ॅसिटोबॅक्टर आता ग्लुकोनॅसिटोबॅक्टर झालंय. दुकानात जुनीच नावं चालतात, चालू देत, बोलण्यापुरती. खत नियंत्रण आदेशात २००६ पासून जैविक खतं आली, रायझोबियम, अझोटोबॅक्टर वगैरेंसाठी पावडरच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत पेशी, द्रवरूपात एका मिलिलिटरला १० कोटी, हे मोजमाप हवंच. पण ५ कोटी कोण? यासाठी मला वाटतं पाकिटावर स्ट्रेनचा नंबर पाहिजे, आणि तो स्ट्रेन पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रासारख्या संग्रहात ठेवलेला पाहिजे, म्हणजे कुणालाही पाकिटातला जिवाणू काढून त्याच्याशी ताडून बघता येईल. नाव उद्या बदलेल, संग्रहातला नंबर तोच राहील.

मागून एक चिठ्ठी आलीये. "माझ्या पीएसबीच्या बाटलीवर बॅसिलस मेगाटेरियम आहे, कृषी केंद्रवाला म्हणतो नवीन मालावर प्रिस्टिया येतं, मग माझा माल जुना का?" पीएसबी म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू. नाही हो काका, २०२० मध्ये त्याचा वंश बदलला एवढंच, फर्गस प्रिस्ट या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाच्या नावावरून. याच प्रिस्ट यांनी १९८७ मध्ये अ‍ॅमायलोचं नाव रीतसर परत आणलं होतं आणि बॅसिलस पॉलिमिक्साला पेनिबॅसिलसमध्ये हलवण्यातही त्यांचा हात होता, म्हणजे आपल्या पीएसबीची अर्धी नावं बदलण्यात हा माणूस कुठे ना कुठे आहेच. तुम्ही बाटलीवरची वापरायची शेवटची तारीख बघा, आणि ती बांधावर उन्हात ठेवू नका, आणि बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी लावून बी सुकू द्या, जिवाणू शेवटी.