५५ गाण्यांची पेटी: पेट शॉप बॉइज तीनदा विकत का घ्यावेत?

(कॅमेरा सुरू. टेबलावर तीन संग्रह, शेजारी वॉशिंग मशीनचा पाइप.)

हे बघा. डाव्या हातात १९९१, उजव्या हातात २००३, आणि मांडीवर ठेवलंय ते २०२३. तिन्ही एकाच बँडचे, गाजलेल्या गाण्यांचे संग्रह. बरीचशी गाणी तीच. मग तीन-तीनदा पैसे कशाला घातले, असं घरी विचारून झालंय. आज उत्तर देतो. लिंक घरीही पाठवणार आहे.

पाइपचं काय ते नंतर.

बँडचं नाव पेट शॉप बॉइज. इंग्लंडचा, आणि माणसं दोनच. नील टेनंट गातो. ख्रिस लो टोपी आणि गॉगल घालून कीबोर्डमागे उभा राहतो, चेहऱ्यावरची रेष हलू देत नाही. १९८१ पासून आजतागायत हेच दोघे. सिंथ-पॉप म्हणजे सिंथेसायझरवर बांधलेलं पॉप, एवढी व्याख्या आपल्याला पुरेल.

एक सूचना. मूळ गाणी मी वाजवणार नाही. मागे एकदा सात सेकंद वाजवलं, तर कॉपीराइटपायी अख्खा व्हिडिओ मुका झाला. त्यामुळे लागेल तिथे मी तोंडाने वाजवून दाखवीन. सहन करा.

(कट)

हिट्सचा संग्रह म्हटलं की जाणकार नाक मुरडतात. खरा रसिक मूळ अल्बम ऐकतो. संग्रह म्हणजे गाडीत लावायला आणि कंपनीला डिसेंबरात गल्ला भरायला. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण पुस्तकांच्या बाबतीत आपण असं करतो का? एखाद्या लेखकाचं ‘निवडक’ हातात आलं की आधी संपादकाचं नाव शोधतो. काय घेतलं, काय गाळलं, कुठल्या क्रमाने लावलं, यावर तासभर वाद घालतो. तसाच वाद मला या तीन डब्यांशी घालायचाय. कारण हा गायक गाण्याआधी खरोखरच संपादक होता.

टेनंटची पहिली नोकरी मार्व्हल कॉमिक्सच्या लंडन ऑफिसात. काम काय, तर अमेरिकन संवाद ब्रिटिश वळणाचे करायचे, आणि चित्रातल्या बायकांचे कपडे फारच तोकडे असतील तर कुठे वाढवायचे त्याच्या खुणा करायच्या. पुढे तो ‘स्मॅश हिट्स’ नावाच्या पॉप पाक्षिकात सहायक संपादक झाला. हे नाव लक्षात ठेवा.

१९८१ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या किंग्ज रोडवर एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तो गेला होता, आपल्या कॉर्ग सिंथेसायझरसाठी वायर आणायला. तिथे ख्रिस लो भेटला. लो आर्किटेक्चर शिकत होता. मिल्टन कीन्समध्ये त्याने डिझाइन केलेला एक जिनासुद्धा आहे. म्हणजे एकाला मजकूर कापता येतो, दुसऱ्याला बांधकाम कळतं. पॉप गाण्याला आणखी काय लागतं?

१९८३ मध्ये पाक्षिकाच्या कामासाठी टेनंट न्यूयॉर्कला गेला, ‘द पोलिस’ या बँडची मुलाखत घ्यायला. हाती सवड होती तेवढ्यात बॉबी ऑर्लँडो या आपल्या आवडत्या डिस्को निर्मात्याला गाठलं. चीजबर्गर आणि गाजराचा केक खाता खाता ठरलं की रेकॉर्ड करायचं. त्यातून १९८४ मध्ये ‘वेस्ट एंड गर्ल्स’ आलं. अमेरिकेतल्या काही क्लबांत ते वाजलं, ब्रिटनमध्ये कुणी विचारलं नाही. मग ऑर्लँडोशी फारकत, पार्लोफोन या रेकॉर्ड कंपनीशी करार, आणि १९८५ मध्ये तेच गाणं निर्माता स्टीव्हन हेगबरोबर नव्याने.

दोन्ही रेकॉर्डिंगं लागोपाठ ऐका, फरक जमीन-अस्मानाचा आहे. पहिल्यात ठेका घाईत आहे, ड्रम मशीन कडकड वाजतंय. दुसऱ्याची सुरुवात रस्त्यावर होते. पावलं, लांबून रहदारी. मग खालून एक थंड, धुक्यासारखी स्वरांची चादर पसरते. त्याखाली बेस... (तोंडाने) डुं... डुडुं... डुं. बेसला कसलीच घाई नाही. आणि त्यावर टेनंट गातच नाही, बोलतो. बातम्या वाचल्यासारखं, शहराच्या दोन टोकांतल्या मुलामुलींबद्दल. जानेवारी १९८६ मध्ये ब्रिटनच्या गाण्यांच्या यादीत पहिला क्रमांक, मे महिन्यात अमेरिकेत पहिला. २०२० मध्ये ‘गार्डियन’ या ब्रिटिश वृत्तपत्राच्या समीक्षकांनी ब्रिटनमधल्या सगळ्या क्रमांक एकच्या गाण्यांत याला सर्वांत वर बसवलं.

(डावा हात वर)

आता पहिला डबा. ‘डिस्कोग्राफी’, १९९१. अठरा गाणी, तारखेच्या क्रमाने. पहिलं अर्थातच ‘वेस्ट एंड गर्ल्स’.

पण थांबा. पार्लोफोनने काढलेलं त्यांचं पहिलं सिंगल, म्हणजे सुटं विकायला काढलेलं गाणं, हे नव्हतंच. ते होतं ‘ऑपॉर्च्युनिटीज’, जुलै १९८५, आणि ते ११६ व्या क्रमांकाच्या वर गेलं नाही. यश मिळाल्यावर त्यांनी तेच गाणं नवं रूप देऊन १९८६ मध्ये परत काढलं आणि ते अकरावं आलं. संग्रहात हे दुसरं रूप आहे, म्हणून गाणं तिसऱ्या जागी बसतं. १९८४ चं पहिलं रेकॉर्डिंग नाही, ११६ वा क्रमांक नाही. एक अक्षरही खोटं नाही, तरी गोष्ट कशी नीटनेटकी झाली बघा. पहिल्याच चेंडूवर षटकार! संपादक हेच करतो.

पुढची गाणी मात्र निव्वळ चलतीच्या काळातली. १९८७ मध्ये ‘इट्स अ सिन’ पहिलं. टेनंटच्या कॅथलिक शाळेची सगळी भीती त्या गाण्यात ओतलेली आहे. गायिका डस्टी स्प्रिंगफील्डबरोबरचं ‘व्हॉट हॅव आय डन टू डिझर्व्ह धिस?’ ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे दुसरं. ‘ऑलवेज ऑन माय माइंड’ तर एल्व्हिस प्रेस्लीच्या दहाव्या स्मृतिवर्षानिमित्तच्या टीव्ही कार्यक्रमासाठी केलेलं. ते त्या वर्षीच्या नाताळात पहिलं आलं. १९८८ मध्ये ‘हार्ट’ पहिलं. हात लावीन तिथे सोनं. या काळाला टेनंटनेच नाव दिलं, ‘इंपीरियल फेज’. साम्राज्याचे दिवस म्हणा. आज संगीतावर लिहिणारे कुठल्याही बँडबद्दल बिनदिक्कत तो शब्द वापरतात. आणि ते दिवस कधी संपले हेही त्यानेच सांगितलंय: १९८८ मध्ये ‘डॉमिनो डान्सिंग’ यादीत नवव्या क्रमांकावर शिरलं, तेव्हाच त्याने ओळखलं. नववा क्रमांक म्हणजे आपटलं, असं वाटण्याइतकी सवय झाली होती!

हा डबा घ्यायचं आणखी एक व्यावहारिक कारण आहे. ‘इंट्रोस्पेक्टिव्ह’ अल्बमवर सहाच गाणी आहेत आणि सगळी लांबलचक. ‘लेफ्ट टू माय ओन डिव्हायसेस’ तिथे आठ मिनिटांच्या वर जातं, ट्रेव्हर हॉर्नच्या निर्मितीत आख्ख्या ऑर्केस्ट्रासकट. सिंगलवर तेच पाच मिनिटांच्या आत बसवलंय. मला विचाराल तर छोटंच सरस. चहा पिऊन, टीव्ही बघून घालवलेला एक आळशी दिवस सांगायला ऑर्केस्ट्रा लावायचा, हा विनोद पाच मिनिटांतच चपखल बसतो.

(पाइप हातात घेतो)

आणि आता हा. चौदावं गाणं, ‘बीइंग बोरिंग’. १९९० मध्ये आलं, विसाव्या क्रमांकाच्या वर चढलं नाही. आज त्यांच्या चाहत्यांना सर्वांत लाडकं गाणं कुठलं ते विचारा, निम्मे हेच सांगतील.

त्याच्या सुरुवातीला एक हलका, वाऱ्यासारखा सूर येतो. वाटतं, कुठलं तरी महागडं सिंथेसायझर असणार. तर ती असली वळ्यांची प्लॅस्टिकची नळी, गरगर फिरवलेली. हे ऐका.

(डोक्यावर पाइप फिरवतो. हू... हूऊऊ.)

ऐकलंत? जोरात फिरवलं की सूर वरच्या पट्टीत उडी मारतो. माझा फारच जाड आहे, त्यांची नळी चांगली होती. असो. पंखा पडला असता आता.

गाणं तीन कडव्यांचं. पहिल्यात जुने फोटो आहेत आणि पोरवयातल्या पार्ट्यांची आमंत्रणं. त्यातल्या एकावर १९२० च्या दशकातल्या एका प्रसिद्ध लेखकाच्या बायकोचं, म्हणजे झेल्डा फिट्झजेराल्डचं, एक वाक्य आहे, साधारण असं की तिला कधी कंटाळा आला नाही, कारण ती स्वतः कधी कंटाळवाणी नव्हती. तरुणपणी न्यूकॅसल शहरात टेनंटच्या मित्रमंडळींनी हे वाक्य छापून खरोखर पार्टी केली होती. दुसऱ्या कडव्यात सत्तरचं दशक, बॅग घेऊन घर सोडणारा मुलगा. तिसऱ्यात नव्वद उजाडलंय. ज्यांची चुंबनं घेतली, त्यांतले काही इथे आहेत, काही नाहीत. टेनंटचा तरुणपणापासूनचा एक मित्र एड्सने गेला होता. ‘एड्स’ हा शब्द गाण्यात कुठेही नाही. आवाज चढत नाही, ठेका बदलत नाही. मात्र तिसऱ्या कडव्यानंतर तेच ध्रुवपद परत येतं तेव्हा त्याचा अर्थ बदललेला असतो.

विसावा क्रमांक. विक्रीचा आकडा हाच निकष धरला असता तर हे गाणं संग्रहातून गेलं असतं. पण हा सगळ्या सिंगल्सचा संग्रह आहे, म्हणून ते वाचलं.

डब्यातलं शेवटचं गाणं ‘वॉज इट वर्थ इट?’. एवढ्या खटाटोपाचं चीज झालं का? ते आलं चोविसावं. मी हसलो होतो, कबूल करतो.

(उजवा हात)

२००३, ‘पॉपआर्ट’. इथे त्यांनी तारखा उधळून लावल्या. पस्तीस गाणी, दोन सीडी: एकीवर ‘पॉप’, दुसरीवर ‘आर्ट’. मला हा प्रकार आधी चावटपणा वाटला होता. पण खेळून बघा. कुणालाही फक्त गाण्याचं नाव सांगा आणि विचारा, कुठल्या बाजूला? ‘वेस्ट एंड गर्ल्स’ आर्टमध्ये. ‘इट्स अ सिन’, इतकं पापपुण्याचं ओझं असूनही, पॉपमध्ये. ‘गो वेस्ट’ पॉप, हे ठीक. मुळात व्हिलेज पीपल या अमेरिकन बँडचं गाणं, यांनी १९९३ मध्ये केलं, आणि पुढे युरोपातल्या फुटबॉल मैदानांवर त्याच चालीत आरोळ्या सुरू झाल्या. पण ‘लव्ह कम्स क्विकली’ पॉपमध्ये का? ते पूर्ण धुकं आहे! माझ्या मते तिथे चुकलेत. बांधलेले त्यांनी, चुका काढणार मी.

ऐकायला मात्र हा डबा तिघांत सर्वांत मजेचा. पाहुणे येणार असतील तर पहिली सीडी. गेल्यावर दुसरी.

(मांडीवरचा उचलतो)

आणि हा. ‘स्मॅश: द सिंगल्स १९८५–२०२०’, जून २०२३. पंचावन्न गाणी, परत तारखेच्या क्रमाने, तीन सीडी. नाव बघा. टेनंटच्या पाक्षिकाचं नाव काय होतं? ‘स्मॅश हिट्स’. यातला ‘हिट्स’ गळालाय. मुद्दाम की योगायोग, मी सांगू शकत नाही, पण मला ती संपादकाची कात्री वाटते. कारण यातली निम्मी गाणी त्या अर्थाने हिट नाहीतच.

पहिल्या सीडीतली बरीच गाणी तुम्ही कुठे ना कुठे ऐकलेली असतील. दुसरीपासून ओळखीचे चेहरे कमी होतात. तिसरीवर जवळजवळ सगळे अनोळखी. आणि गंमत म्हणजे तिसरी मी सर्वांत जास्त ऐकतो. ‘आय अॅम विथ स्टुपिड’मध्ये तेव्हाचे अमेरिकन अध्यक्ष बुश आणि ब्रिटिश पंतप्रधान ब्लेअर यांची मैत्री प्रेमप्रकरण म्हणून रंगवली आहे. ‘लव्ह एटसेटरा’, ‘व्होकल’, अशी गाणी एकापाठोपाठ एक. टेनंट साठीला आला तरी आवाज तोच, जरासा नाकातला, कुणालाही पटवण्याची घाई नसलेला.

शेवटून पहिलं ‘आय डोन्ट वॉना’. एक लाजरा मुलगा घरात बसलाय, त्याला बाहेर जायचं नाही, नाचायला जायचं नाही. आलं कधी? २०२० मध्ये, अख्खं जग दाराला कडी लावून बसलेलं असताना. ‘वेस्ट एंड गर्ल्स’च्या सुरुवातीला रस्त्यावर वाजणारी पावलं आठवतात ना?

घ्यायचा असेल तर कुठला घ्या? एकच परवडत असेल तर १९९१ चा. जुन्या सीडीवाल्यांकडे स्वस्तात सापडतो. बाकी दोन ऑनलाइन ऐका आणि तिसऱ्याची तिसरी सीडी आधी लावा. ‘स्मॅश’ पूर्ण आहे या भ्रमात मात्र राहू नका. तो येऊन वर्ष व्हायच्या आत, २०२४ च्या एप्रिलमध्ये, यांनी ‘नन्दलेस’ नावाचा नवा अल्बम काढला. म्हणजे पंचावन्नचा आकडा जुना झाला, आणि चौथा डबा कधी ना कधी येणार. घरी अजून सांगितलेलं नाही.

(आतून हाक ऐकू येते.)

आलो! पाइप परत लावतो, कपडे धुवायचे राहिलेत.