एका घरात चुली किती?

श्रोतेहो, नमस्कार.

देशातील किती लोकांना काम आहे आणि किती जण कामाच्या शोधात आहेत, याचे आकडे आपण वर्तमानपत्रात वाचतो. हे आकडे प्रत्येक घरी जाऊन मोजलेले नसतात. निवडक घरांना भेट देऊन, ठरावीक प्रश्न विचारून ते काढलेले असतात. राष्ट्रीय नमुना पाहणीचे काम १९५० साली सुरू झाले आणि १९७२-७३ पासून साधारणपणे दर पाच वर्षांनी रोजगाराची मोठी पाहणी होऊ लागली. एप्रिल २०१७ पासून तिची जागा नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणाने घेतली. त्याच्या पहिल्या वर्षात सुमारे १ लाख २ हजार कुटुंबांना भेटी देण्यात आल्या. या पाहणीची कुटुंबनिहाय मूळ माहिती, नावे-पत्ते वगळून, संशोधकांना विनामूल्य मिळते. आमचे विद्यार्थी ती उतरवून घेतात आणि प्रश्नावलीचे पानही न उलटता संगणकावर तक्ते काढू लागतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. आधी प्रश्नावली वाचावी आणि मग आकडा. पुन्हा सांगतो, आधी प्रश्नावली, मग आकडा.

असे मी का म्हणतो, हे एका घराची हकिकत सांगितल्याशिवाय पटायचे नाही.

काही वर्षांपूर्वी करवीर तालुक्यातील एका गावात आम्ही आमच्या अभ्यासापुरती एक लहान पाहणी केली आणि व्याख्या मात्र राष्ट्रीय पाहणीच्याच घेतल्या. त्या व्याख्येप्रमाणे कुटुंब म्हणजे एकत्र राहणारी आणि एका चुलीवरचे जेवणारी माणसे. एका घराच्या सोप्यात आजोबा बसले होते. घरात कुटुंबे किती, असे विचारताच ते म्हणाले, ‘एकच.’ तोच आतून धाकट्या सुनेचा आवाज आला, ‘दोन लिवा!’ पाहतो तर दार एक, उंबरा एक, पण आत दोन टोकांना दोन शेगड्या. आजोबा तापले. ‘चुली दोन असतील, घर एकच हाय,’ असे ते तीन वेळा म्हणाले. वातावरण निवळावे म्हणून थोरल्या सूनबाईंनी चहा आणला, तेव्हा धाकट्या सूनबाईंनीही आणला, आणि दोन्ही पेले रिकामे केल्यावाचून आमची सुटका झाली नाही. माझ्या मते वेगळी चूल मांडताना होत नाही इतके भांडण ती कागदावर लिहिताना होते.

दोन कुटुंबे नोंदवायची ठरल्यावर आजोबा थोरल्याकडे गेले, पण आजींचे काय करायचे? सकाळी त्या थोरल्याकडे आणि रात्री धाकट्याकडे जेवत. दोन्हीकडे लिहिल्या तर एका माणसाची दोन माणसे होतात आणि कुठेच लिहिल्या नाहीत तर त्या हिशेबातूनच जातात. अखेर आजींनीच निकाल दिला, ‘रातची भाकरी जिथं, तिथं लिवा.’ आजी धाकट्याच्या कुटुंबात गेल्या.

मग आम्ही त्यांना कामाचे विचारले. त्या म्हणाल्या, ‘मी कुठलं काम करतोय? घरातच असतोय.’ आमच्या सोबतच्या मुलाने लगेच ९२ हा संकेतांक लिहिला. ९२ म्हणजे फक्त घरकाम, म्हणजेच श्रमशक्तीच्या, काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या माणसांच्या, बाहेर. तेवढ्यात गोठ्यातून म्हैस ओरडली आणि आजी उठल्या. धार कोण काढते, असे विचारता कळले की वैरण, शेण, धार सगळे आजीच करतात आणि दूध डेअरीला जाते. विकण्यासाठी दूध काढणे हे काम आहे. म्हणून ९२ खोडले आणि २१ लिहिले. २१ म्हणजे घरच्या व्यवसायात बिनपगारी मदत करणारी व्यक्ती. पण डेअरीचे खाते होते थोरल्या मुलाच्या नावावर आणि आजी तर धाकट्याच्या चुलीत! मग त्या कोणाच्या घरच्या व्यवसायात मदत करत होत्या? आम्ही दोघे सोप्यातच वाद घालू लागलो. आजी ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, ‘खातं त्येच्या नावावर हाय, म्हस माझी हाय. दूध कुठं घालायचं ते मी बघतोय आणि बिलाचं पैसं माझ्याच हातात येत्यात.’ मग २१ही खोडले आणि ११ लिहिले, म्हणजे स्वतःचा व्यवसाय स्वतः चालवणारी व्यक्ती. एका बाईच्या, एका सकाळीत, तीन वेगवेगळ्या नोंदी झाल्या. दुधाचे बिल म्हैस सांभाळणाऱ्या बाईच्याच खात्यावर जमा व्हावे, असे मी त्या दिवसापासून जिथे संधी मिळेल तिथे सांगत आलो आहे, म्हणून इथेही सांगून घेतो.

आता मोठा आकडा ऐका. पंधरा वर्षे व त्यावरील स्त्रियांचा श्रमशक्तीतील सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. या वाढीत ग्रामीण स्त्रियांचा स्वयंरोजगार आणि घरच्या व्यवसायातील बिनपगारी मदत यांचा वाटा मोठा आहे. म्हणजे ज्या संकेतांकांपाशी आम्ही अडखळलो, तेच हे संकेतांक. तेव्हा ‘वाढ झाली’ एवढे लिहून थांबू नये आणि ‘आकडे खोटे’ असेही म्हणू नये. ११, २१ आणि पगारी कामाचा ३१ हे वेगवेगळे काढून पाहावेत.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात सांगतो. नमुन्यातील प्रत्येक कुटुंब अनेक कुटुंबांच्या वतीने बोलत असते, म्हणून त्याला गुणक, म्हणजे ते किती कुटुंबांच्या वतीने बोलते तो आकडा, जोडलेला असतो. तो गुणक न लावता काढलेली टक्केवारी केवळ भेट दिलेल्या घरांची असते, महाराष्ट्राची नव्हे. दुसरे असे, की जुन्या रचनेत ग्रामीण भागाचा नमुना अनेक जिल्ह्यांच्या विभागावरून निवडत आणि आपला कोल्हापूर जिल्हा पुणे, सातारा, सांगली, सोलापूर यांच्यासोबत एका विभागात असे. तरीही त्या वर्षांच्या माहितीतून केवळ कोल्हापूरची बेरोजगारी काढणारे प्रबंध माझ्या टेबलावर येतात. जानेवारी २०२५ पासून जिल्हा हा निवडीचा पाया झाला आहे, नमुना सुमारे २ लाख ७२ हजार कुटुंबांचा झाला आहे आणि आकडे दरमहा येऊ लागले आहेत.

हे मासिक आकडे गेल्या सात दिवसांवर काढतात. त्या सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास जरी काम केले, तरी माणूस कामावर धरला जातो. वार्षिक अहवालातील ‘नेहमीची स्थिती’ मात्र मागच्या ३६५ दिवसांवर ठरते. गळीत हंगामात आपल्याकडे ऊस तोडणारा मजूर दोन्ही हिशेबांत कामावर असतो. हंगाम संपून तो गावी परतला आणि ऐन उन्हाळ्यात पाहणीवाले त्याच्या दारी आले, तर सात दिवसांच्या हिशेबात तो बेरोजगार निघू शकतो आणि वर्षाच्या हिशेबात त्याच दिवशी, त्याच दारात, कामावर असलेला. म्हणून मेचा मासिक आकडा वार्षिक आकड्याशेजारी मांडून ‘बेरोजगारी वाढली’ असा मथळा दिसला, तर मागील वर्षाच्या मेचा मासिक आकडा सोबत दिला आहे का, ते पाहावे.

नमस्कार.