आधी मागची बाजू पाहा

श्रोतेहो, नमस्कार.

एसीच्या जाळीची पट्टी जराशी वळवावी, ग्लव्ह बॉक्सचं झाकण ओढावं, सीटच्या कडेचा दांडा वर करावा, आणि काटकन आवाज व्हावा. हातात येतो नखाएवढा तुकडा. गाडी चालते, ब्रेक लागतात, दिवे लागतात. पण त्या दिवसापासून झाकण प्रत्येक खड्ड्याला उघडतं आणि पट्टी मान टाकते. चौकशी केली की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: तेवढा तुकडा सुटा येत नाही, अख्खा भाग बदलावा लागेल. एका मोडक्या खुंटीपायी हातभर झाकण कचऱ्यात घालायचं, हे मला पटत नाही. म्हणून आज त्या खुंटीबद्दल बोलतो.

माझ्या गाडीच्या ग्लव्ह बॉक्सची बिजागरी तुटली तेव्हा मी सगळे करतात तेच केलं. सुपरग्लूचा थेंब टाकला, मिनिटभर दाबून धरलं. चार दिवसांनी ती पुन्हा निखळली. पुन्हा थेंब, पुन्हा चार दिवस. तिसऱ्या वेळी मात्र झाकण काढून टेबलावर उपडं घातलं आणि मागून नीट पाहिलं. दुरुस्तीची सुरुवात खरं तर तिथून व्हायला हवी होती.

गाडीतल्या बऱ्याच प्लास्टिक भागांच्या मागे साच्यातच उमटवलेली काही अक्षरं असतात, दोन कोनी कंसांच्या मध्ये. कुठे ‘एबीएस’, कुठे ‘पीपी’, कुठे ‘पीसी’ (पॉलिकार्बोनेट), अधिकचं चिन्ह आणि ‘एबीएस’, कुठे ‘पीए’ म्हणजे नायलॉन, कुठे ‘पीओएम’. ही सगळी प्लास्टिकच्या प्रकारांची लघुनावं. ही त्या भागाची जात आहे आणि पुढचं सगळं तिच्यावर ठरतं. एबीएस ॲसिटोन या द्रावकात विरघळतं, त्यामुळे ते एकजीव जोडता येतं. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, याचा पृष्ठभाग मेणासारखा. त्याला साधा गोंद धरतच नाही. पीओएम तर इतकं गुळगुळीत आणि चिवट, की ते चिकटवायच्या भानगडीत पडू नये.

अक्षरं नसतील तर? पाण्याची एक परीक्षा सांगितली जाते. छोटा तुकडा साबणाचा थेंब घातलेल्या पाण्यात टाकायचा. तरंगला तर पीपी, बुडाला तर एबीएस. मीही ती केली. तुकडा बुडाला, मी एबीएस समजलो आणि ॲसिटोन लावलं. काहीच झालं नाही. मग झाकणाच्या आतल्या कोपऱ्यात बॅटरी धरून पाहिलं, तर लिहिलं होतं ‘पीपी-टी २०’. टी म्हणजे टाल्क, आपलं शंखजिरं, आणि वीस म्हणजे २० टक्के. निव्वळ पीपीची घनता ०.९च्या आसपास, म्हणून ते तरंगतं. वीस टक्के टाल्कची भुकटी मिसळली की ती १.०४च्या घरात जाते आणि तेच पीपी बुडतं. गाडीच्या आतल्या भागांत अशी भर घातलेलं पीपी भरपूर असतं. म्हणून पाण्यावर विसंबू नका. दिसणार नाही अशा जागी कापसाच्या काडीने ॲसिटोन टेकवून पाहा. पृष्ठभाग चिकट झाला तर बहुधा एबीएस. तसाच कोरडा राहिला तर पीपी किंवा त्याच्यासारखं दुसरं काही. ही परीक्षा भाग गाडीबाहेर काढून करा. डॅशबोर्डवर सांडलेल्या ॲसिटोनचा डाग कायमचा राहतो, आणि मीटरवरच्या पारदर्शक झाकणाला तर त्याने बारीक चिरा पडतात.

आता दुसरा प्रश्न: तुटलं कशाने? तुटलेल्या कडेकडे भिंगातून पाहिलं तर बहुतेक वेळा चीर आतल्या काटकोनी कोपऱ्यातून निघालेली दिसते. ताण तिथेच एकवटतो. स्क्रू बसतो ती पोकळ नळी उभी चिरली असेल, तर कुणीतरी स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळलेला असतो. क्लिपचं नाक तुटलं असेल, तर भाग थंडीत किंवा चुकीच्या दिशेने ओढलेला असतो. आणि उन्हाचा हात सगळीकडे असतोच. बंद गाडी उन्हात उभी असली की डॅशबोर्डचा पृष्ठभाग ७० अंश सेल्सियसच्या वर सहज जातो. वर्षानुवर्षांच्या त्या तापाने आणि अतिनील किरणांनी प्लास्टिक ठिसूळ होतं.

याच उष्णतेमुळे काही सोपे उपाय आधीच बाद करावे लागतात. ग्लू गनचा गोंद गाडीत मऊ पडतो. गरम पाण्यात मऊ होणारे आणि हाताने आकार देता येणारे पांढरे दाणे मिळतात, ते साधारण ६० अंशांनाच वितळतात. थ्रीडी प्रिंटरवर पीएलए या प्लास्टिकमध्ये काढलेला भागही साठीच्या आसपास वाकतो. प्रिंट करायचाच असेल तर एबीएस किंवा त्याच्याच जवळचं एएसए हे प्लास्टिक घ्या.

एबीएसची दुरुस्ती मला सगळ्यात समाधान देते. एबीएसचे नको असलेले तुकडे बारीक कापून काचेच्या बाटलीत घालायचे, ते बुडतील एवढं ॲसिटोन ओतायचं आणि झाकण घट्ट लावून रात्रभर ठेवायचं. सकाळी मधासारखा दाट लगदा तयार असतो. मुलांच्या खेळण्यातल्या लेगोच्या विटा १९६३ पासून एबीएसच्या बनतात, त्यामुळे मोडकी वीटही चालते आणि रंगही मनासारखा निवडता येतो. तुटलेल्या कडांना हा लगदा लावायचा, जोडायचं, मागच्या बाजूने आणखी एक थर द्यायचा आणि किमान एक दिवस हात लावायचा नाही. ॲसिटोन उडून गेलं की तिथे गोंद उरत नाही, फक्त एबीएस उरतं. दोन गोष्टी मात्र सांभाळा. खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास ज्योत किंवा तापलेली सोल्डरिंग आयर्न नको, कारण ॲसिटोनची वाफ भपकन पेटते. आणि पीसी मिसळलेल्या भागाला हा लगदा लावू नका, पीसी ॲसिटोनने तडकतं. तिथे दोन नळ्यांतून काढून एकत्र कालवायचा इपॉक्सी गोंद बरा.

पीपीला मात्र वितळवूनच जोडावं लागतं. ते साधारण १६० ते १६५ अंशांना वितळतं. तापमान कमी-जास्त करता येणारी सोल्डरिंग आयर्न घ्या. धूर निघाला की समजा, प्लास्टिक जळतंय आणि तिथला जोड कच्चा राहणार. जोडायला पट्टीही पीपीचीच हवी, आणि ती त्याच भागातून मिळते. मागच्या बाजूला मजबुतीसाठी बरगड्या असतात, त्यांतला न दिसणारा, फारसं काम नसलेला एखादा तुकडा कापून घ्यायचा. चिरेच्या दोन्ही बाजू आणि पट्टी एकत्र वितळवायची, मग त्यावर स्टीलच्या बारीक जाळीचा तुकडा ठेवून तापलेल्या टोकाने आत दाबायचा. माझी बिजागरी अशीच उभी राहिली. आता ताण जाळी घेते, जोडावर सगळा भार येत नाही.

ताण कोण घेणार, हा प्रश्न एसीच्या पट्टीत सगळ्यात स्पष्ट दिसतो. पट्टीच्या टोकाला एक खुंटी असते, दोनएक मिलिमीटर जाडीची. ती तुटली की लोक ती शोधून, चिमट्यात धरून चिकटवतात. हिशेब करा: दोन मिलिमीटर व्यासाच्या गोल तोंडाचं क्षेत्रफळ तीन चौरस मिलिमीटरच्या थोडं वर. एवढ्याशा जागेवर गोंद रोजची ओढाताण सोसणार कशी? ती खुंटी विसरा. पट्टीच्या टोकात एक मिलिमीटरचं छिद्र पाडा, हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने, सहा मिलिमीटर खोल. त्यात तेवढ्याच जाडीची पोलादी तार इपॉक्सीत बुडवून बसवा. आता गोंदाला धरायला एकोणीसेक चौरस मिलिमीटर जागा मिळाली, म्हणजे सहापट, आणि वाकवणारं बळ पोलाद झेलतं. बाहेर राहिलेल्या टोकावर छोटी प्लास्टिकची नळी चढवली की जुन्या भोकात पट्टी बरोबर बसते. प्लास्टिकची जात कुठलीही असो, हा उपाय चालतो, कारण यात भरवसा चिकटण्यापेक्षा अडकण्यावर जास्त आहे.

चिरलेल्या स्क्रूच्या नळीलाही हेच लागू. चीर दाबून मिटवा, बाहेरून नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा दोरा घट्ट गुंडाळा, जसा भोवऱ्याला दोर गुंडाळतो तसा, वेढ्याला वेढा लागून. मग त्यावर सुपरग्लू मुरू द्या. सुती दोरा नको. कापसाशी सुपरग्लूची झपाट्याने प्रक्रिया होते, तो चटका बसेल इतका तापतो आणि डोळे झोंबणारी वाफ निघते. दोऱ्याचं कडं नळीला बाहेरून आवळून धरतं, त्यामुळे पीपीलाही ते चालतं. पुढच्या वेळी स्क्रू बसवताना आधी तो हाताने उलटा फिरवा. जुन्या आट्यात टक् करून बसला की मगच सुलटा, आणि लागला की थांबा.

काहीही चिकटवण्याआधी जागा धुवायला विसरू नका. डॅशबोर्ड चमकवायच्या अनेक पॉलिशांत सिलिकॉन असतं आणि त्याच्यावर कोणताच गोंद ठरत नाही. आधी साबणाचं पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग पॉलिश पेपरने खरखरीत करणं, आणि पुन्हा अल्कोहोल. पॉलिश पेपर आधी फिरवलात तर सिलिकॉन ओरखड्यांत घासलं जातं. सुपरग्लू वापरलंत तर भाग लगेच बंद गाडीत बसवू नका. त्याच्या वाफेने आजूबाजूला पांढुरकी छटा येते.

आता जे दुरुस्त करू नये त्याबद्दल, आणि हे मी फार कळकळीने सांगतो. एअरबॅगवरचं कुठलंही झाकण चिकटवू नका, वितळवून जोडू नका. स्टिअरिंगच्या मधलं, समोरच्या प्रवाशापुढचं, आणि काचेशेजारच्या खांबावरचंही, कारण अनेक गाड्यांत त्यामागे पडद्यासारखी एअरबॅग असते. ती झाकणं ठरलेल्या रेषेवर फाटावीत, ठरलेल्या बाजूला उघडावीत अशी बनवलेली असतात. तुमची मजबूत केलेली कड तिथे अडथळा होईल, किंवा सुटून वेगाने चेहऱ्यावर येईल. सीटबेल्टचं बक्कल, सीटचं लॉक, पेडलचे भाग, लहान मुलांची सीट, यांतलं काही तुटलं तर नवाच भाग.

बाकी सगळ्याला वेळ द्या. बसवण्याआधी क्लिपा हेअर ड्रायरने कोमट करा, म्हणजे त्या न तुटता वाकतात. आणि दुरुस्तीत उरलेले तुकडे जात लिहून वेगवेगळ्या डब्यांत ठेवा, एबीएस एकीकडे, पीपी एकीकडे. पुढच्या तुटलेल्या खुंटीला तेच कामी येतात.

नमस्कार.