वाक्य समजतं म्हणजे काय समजतं?

'सगळी मुलं आली नाहीत.' हे वाक्य ऐकून सांगा, किती मुलं आली? काही जण म्हणतील, एकही नाही. काही म्हणतील, थोडी आली, थोडी राहिली. दोघांचंही बरोबर आहे. पण गंमत बघा, या चार शब्दांपैकी एकही शब्द द्वयर्थी नाही. मग दुसरा अर्थ आला कुठून? मला आकारिक अर्थविज्ञानाची, म्हणजे भाषेतल्या अर्थाचा तर्कशास्त्राच्या आणि गणिताच्या साधनांनी अभ्यास करणाऱ्या विषयाची, गोडी लागली ती या प्रश्नामुळे.

शब्दाचा अर्थ विचारला की आपण दुसरा शब्द सांगतो. कोशही तेच करतो. पण असं शब्दावरून शब्दावर उड्या मारत राहिलो तर भाषेबाहेर पाऊल कधी पडायचं? वाक्य तर जगाविषयी बोलतं. 'बाहेर पाऊस पडतोय' हे खरं की खोटं, ते या बंद सभागृहात बसून मला सांगता येणार नाही. तरीही वाक्य मला पुरतं कळलं आहे, कारण बाहेर काय असेल तर ते खरं ठरेल, हे मला ठाऊक आहे. विधानाचा अर्थ कळणं म्हणजे त्याच्या खरेपणाच्या अटी कळणं, ही आकारिक अर्थविज्ञानाची सुरुवात. तत्त्वज्ञ विटगेनश्टाइनने १९२१ साली जवळजवळ हेच लिहिलं होतं. बोलण्यातला रोख, आर्जव, टोमणा यात मावत नाही हे खरं, पण पाया म्हणून ही कल्पना भक्कम आहे.

आता, आपण कधीही न ऐकलेली वाक्यं रोज समजून घेतो. वाक्यांचा कोश कुणीच पाठ केलेला नसतो. म्हणजे भागांचे अर्थ आणि त्यांची जोडणी यांतून पूर्ण वाक्याचा अर्थ घडत असणार. हे तत्त्व जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगे याच्या नावाने ओळखलं जातं. आपल्याकडे कुमारिल आणि प्रभाकर या मीमांसकांचा, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ कसा लावायचा याचा विचार करणाऱ्यांचा, वाद याच जागेवर झाला: शब्द आपापला अर्थ आधी सांगतात आणि मग ते अर्थ जुळतात, की शब्द मुळात जुळलेलाच अर्थ सांगतात? व्याकरणकार भर्तृहरी तर म्हणाला, वाक्य अखंड आहे, शब्द हे आपण नंतर पाडलेले तुकडे. मला हा आक्षेप गंभीर वाटतो. 'मीना' या शब्दाकडून मीनाकडे बोट दाखवता येतं. 'सगळी' या शब्दाकडून कुणाकडे दाखवणार?

यावरचं उत्तर मला फार देखणं वाटतं. 'सगळी' हे कशाचंच नाव नाही, ते दोन संचांमधलं नातं आहे. 'सगळी मुलं हसली' म्हणजे मुलांचा संच हसणाऱ्यांच्या संचात पूर्ण सामावला. 'काही मुलं हसली' म्हणजे दोन्ही संचांत सामाईक कुणीतरी आहे. 'बहुतेक मुलं हसली' म्हणजे न हसलेल्या मुलांपेक्षा हसलेली जास्त. ज्या शब्दांना स्वतःचा अर्थच नाही असं वाटत होतं, त्यांना नेमका अर्थ मिळाला.

आता पहिल्या वाक्याकडे वळू. आधी 'आली'ला 'नाहीत' जोडा आणि मग 'सगळी मुलं' लावा: मुलांचा संच न आलेल्यांच्या संचात सामावला, वर्ग रिकामा. उलट, आधी 'सगळी मुलं आली' हे पूर्ण करा आणि मग त्या सबंध विधानाला नकार द्या: तीसपैकी एक जरी गैरहजर असेल तरी वाक्य खरं. शब्द तेच, जोडणीचा क्रम वेगळा. याला नकाराची व्याप्ती म्हणतात.

तर्कशास्त्राच्या कृत्रिम भाषा आणि माणसांच्या भाषा यांत सैद्धांतिकदृष्ट्या महत्त्वाचा फरक नाही, असा दावा तर्कशास्त्रज्ञ रिचर्ड माँटेग्यूने १९७० साली केला. तेव्हा तो धाडसी होता. १९७१ मध्ये माँटेग्यू गेला, आणि भाषावैज्ञानिक बार्बरा पार्टी यांनी त्याचं काम इतर भाषावैज्ञानिकांपर्यंत पोचवलं.

मराठीवर असं काम करायला किती वाव आहे! नुसता 'च' घ्या. 'मीनाच आली' म्हणजे मीना आली आणि बाकी कुणी आलं नाही. मग त्याला नकार दिला की काय व्हायला हवं? 'फक्त मीना आली असं नाही', म्हणजे आणखीही कुणी आलं. पण 'मीनाच आली नाही' म्हटलं की आपल्याला ऐकू येतं ते निराळंच: बाकीचे आले, राहिली ती मीना. इथे नकार 'च'च्या आत शिरला आहे. 'सगळी'बरोबर नकाराला दोन्ही जागा मोकळ्या होत्या, 'च'बरोबर मात्र बाहेरची जागा सहजी मिळत नाही. हा 'च' नकाराला बाहेर का येऊ देत नाही, ते आता शोधायचं.