काय ठेवायचं, काय जाऊ द्यायचं

(दृश्य : टेबलावर उघडलेला खोका. आत दोऱ्याने बांधलेले पत्रांचे गठ्ठे.)

निवेदन : या खोक्यात एका बंद पडलेल्या कचेरीचा पत्रव्यवहार आहे. समोर बसलेली विद्यार्थिनी अभिलेखपालाचं, म्हणजे संस्थांचे जुने कागद निवडून जपणाऱ्याचं, काम शिकते आहे. तिने हा पत्रव्यवहार अजून वाचायचा नाही, नीटनेटका लावायचाही नाही. कागद ज्या क्रमाने आले तो क्रम आधी टिपून घ्यायचा, आणि तोही पेन्सिलीने. शाईचं पेन बाहेरच ठेवायचं.

क्रमाचं एवढं काय? या गठ्ठ्यात एका पत्रावर तारीख नाही. त्याच्या आधीचं पत्र ३ मार्चचं, नंतरचं ९ मार्चचं. म्हणजे हे बहुधा मधल्या दिवसांतलं. कुणी हौसेने सगळं विषयवार लावायला घेतलं, की हा दुवा तुटला. मग कितीही हुशार संशोधक येऊ दे, त्याला ती तारीख सापडायची नाही.

फ्रान्समध्ये १८४१ साली सरकारी सूचनाच निघाली : एका संस्थेचे कागद एकत्र ठेवा, दुसरीच्या कागदांत मिसळू नका. पुढे १८९८ मध्ये म्युलर, फाइथ आणि फ्राउइन या तीन डच अभिलेखपालांनी शंभर नियमांची पुस्तिका लिहिली आणि कागदांचा मूळ क्रमही जपण्यावर भर दिला. हे आजही अभ्यासक्रमात सुरुवातीलाच शिकवतात.

(दृश्य : गंजलेली टाचणी, जवळून.)

निवेदन : आता हातकाम. टाचणी ओढून काढली तर कागद फाटणारच. म्हणून आधी तिच्याखाली पातळ पॉलिएस्टरची पट्टी सरकवायची, मग बोथट पात्याने टोकं हळूच उचलायची. हातमोज्यांचं म्हणाल तर ते सिनेमात छान दिसतात. जुन्या कागदाला बहुतेक वेळा स्वच्छ, कोरडे हातच बरे. कापडी मोज्यांनी बोटांना कागदाची जाडी कळत नाही आणि कडा फाटतात. छायाचित्रं आणि निगेटिव्ह हाताळताना मात्र मोजे हवेतच.

हे सगळं सरावाने येतं. खरा कस लागतो तो निवडीत.

कुठल्याही मोठ्या कार्यालयात तयार होणाऱ्या कागदांपैकी कायमचा ठेवण्याजोगा भाग फार थोडा असतो. बाकीचे मुदत संपली की जातात. पण कोणते, हे ठरवायचं कुणी? इंग्लंडचे अभिलेखपाल हिलरी जेन्किन्सन यांनी १९२२ मध्ये मत मांडलं की अभिलेखपालाने निवड करूच नये; ज्याचे कागद त्यानेच काय ते ठरवावं. अमेरिकेचे अभिलेखपाल शेलेनबर्ग यांनी १९५६ मध्ये उलट बाजू घेतली : पुढच्या संशोधकाला काय लागेल हे कार्यालयाला कळत नाही, ती जबाबदारी अभिलेखपालाचीच. वर्गात या वादावर अजून आवाज चढतात. आम्हाला शेलेनबर्ग पटतात. कारण कार्यालयाच्या हाती निवड सोपवली, तर अडचणीचे कागद आधी नाहीसे होतात.

(दृश्य : जतन-मुदतीचा तक्ता. एका ओळीवर बोट.)

निवेदन : म्हणून विद्यार्थ्यांना हा तक्ता करायला लावतात. कुठल्या प्रकारची फाइल किती वर्षं ठेवायची, कुठल्या कायद्याने, आणि मुदत संपल्यावर तिचं काय. नुसतं 'जुनी झाली' हे कारण चालत नाही. कोर्टात दावा उभा राहिला, की त्या विषयाची फाइल मुदत संपली तरी नष्ट करायची नाही. आणि जे नष्ट केलं त्याची सहीनिशी नोंद ठेवावी लागते.

शिक्षण कुठे मिळतं? पॅरिसची एकोल दे शार्त १८२१ पासून हेच शिकवते आहे, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातला अभ्यासक्रम १९४७ चा. बऱ्याच देशांत आता पदव्युत्तर पदवी आणि प्रत्यक्ष अभिलेखागारातली उमेदवारी, दोन्ही मागतात. नोकऱ्या सरकारात आहेत, तशाच बँकांत, इस्पितळांत, विद्यापीठांत.

(दृश्य : संगणकाचा पडदा. आकड्या-अक्षरांची लांब ओळ.)

निवेदन : हा चेकसम, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून संगणकाने हिशेब करून काढलेली खूण. फाइलमधला एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ही ओळ बदलते, त्यामुळे कुणी हात लावला की कळतं. पण फाइल शाबूत असून ती उघडणारं सॉफ्टवेअरच उरलं नसेल, तर चेकसम काय करणार? कागद फडताळात विसरला तरी पन्नास वर्षांनी वाचता येतो. डिजिटल फाइलचं तसं नसतं. म्हणून कार्यालय नवी संगणक प्रणाली घेतं तेव्हाच अभिलेख व्यवस्थापक, म्हणजे कार्यालयाच्या चालू नोंदी सांभाळणारा, बैठकीत हवा. त्याने विक्रेत्याला पहिल्याच दिवशी विचारायचं : ही प्रणाली बंद केली, तर आतल्या नोंदी कुठल्या स्वरूपात बाहेर काढून द्याल?