मामाची बैलगाडी आणि आपली लिफ्ट

आवाज मागेपर्यंत येऊन राहिला ना? ठीक. फलकावर विषय लिहिलाय, लिफ्ट, म्हणजे सस्पेन्शन बदलून गाडी उंच करणं, आणि मोठे टायर प्लॅन कसे करायचे. त्यावर येतो मी, पक्कं येतो, पण आधी एक गोष्ट सांगायचीय जी २०२२ पासून डोक्यात घोळून राहिली, आणि ती समजली नाही तर पुढचं सगळं ऐकून काही फायदा नाही. कोणाकोणाच्या गाडीला लिफ्ट आहे, हात वर करा बरं. बाप्पा, अर्धा हॉल! आता ज्यांनी लिफ्ट आधी टाकली आणि टायर नंतर घेतले, त्यांनी हात वरच ठेवा. बघा, एकही हात खाली नाही आला.

माझं भांडण त्या क्रमाशी आहे.

मामा माझे भिवापूरचे, मिरचीवाले. लहानपणी सुट्ट्या तिकडेच. श्रावणात वावरात खताची पोती न्यायची तर पांदण रस्ता म्हणजे नुसता गारा, ट्रॅक्टरची ट्रॉली फसायची आणि मामाची खासर, म्हणजे बैलगाडी, निघून जायची. चाक माझ्या गळ्यापर्यंत यायचं तेव्हा, आणि लोखंडी धाव जेमतेम तीन बोटं रुंद. धाव बसवताना मी पाह्यलंय, लोहार गोवऱ्यांच्या आगीत ती लाल करायचा, दोघं-तिघं चिमट्यानं धरून लाकडी चाकावर ठोकायचे, लाकूड चर्र जळायचं आणि लगेच वरून बादल्या ओतायचे, की लोखंड आकसून असं आवळायचं की आरे करकर वाजायचे. तो वास अजून नाकात आहे माझ्या. एवढी मेहनत कशासाठी? उंच आणि अरुंद चाकासाठी. उंच चाक खड्ड्यात कमी उतरते, दगडावर लवकर चढते. अरुंद धाव वरचा चिखल कापून खालच्या मुरमाला टेकते. आपल्या पांदणीत हेच लागते, वर वीतभर लोणी आणि खाली कडक. कन्हानच्या पात्रातल्या वाळूत गोष्ट वेगळी, तिथे रुंद टायर तरंगतो, मान्य. आणि भर पावसात नांगरलेल्या काळ्या वावरात तर खाली टेकायला काही नसतेच, तिथे जाऊच नका भाऊ, कास्तकाराच्या बांधाचं वाटोळं होते.

जुन्या जीपला सहा-सोळाचे टायर यायचे, ६.०० x १६, तेच दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपलाही होते. उंच, अरुंद. आपण मात्र रुंदीच्या मागे लागलो, कारण फोटोत रुंदी दिसते.

आता माझ्या गाडीचं ऐका. २०२० ची नवी थार, २४५/७५ आर १६ चे कंपनीचे टायर. मी २०२२ मध्ये एका वर्कशॉपमध्ये तीन इंच लिफ्ट टाकून घेतली, नाव घेत नाही, नागपुरातलंच. कॉइल स्प्रिंगवर स्पेसर, म्हणजे उंची वाढवणारा ठोकळा, मागे लांब शॉकअप, टायर तेच. टायर पुढच्या महिन्यात घेऊ म्हटलं. गाडी बाहेर काढली तर काय दिसत होती, खरंच सुंदर दिसत होती. त्याच ऑगस्टमध्ये पोराला घेऊन कुहीकडे गेलो. एका नाल्यात मधोमध एक दगड आहे, लिफ्टच्या आधी मागचा डिफ, म्हणजे एक्सलच्या मधला गियरचा गोळा, त्याला नेहमी घासायचा. मनात म्हटलं आता तीन इंच वर आहोत, आरामात जाऊ. धाडकन तोच दगड त्याच डिफला लागला! उतरून पाह्यलं, ओरखड्यावर ओरखडा.

तिथे डोक्यात प्रकाश पडला. मागचा एक्सल सलग आहे आणि तो चाकाच्या मधोमध बसतो. स्पेसर टाकला की चेसी वर जाते, बॉडी वर जाते, बंपर वर जातो, पण डिफ जिथं होता तिथंच राहते. डिफखालची जागा फक्त टायर वाढवतो, आणि तीही टायरच्या वाढीच्या निम्मी. ७६ मिलिमीटर लिफ्टचे पैसे दिले मी, डिफला मिळाले शून्य.

पण दिवस तिथे संपला नाही. नाल्यातून निघताना मागचं उजवं चाक खोल खळग्यात गेलं, पूर्ण लोंबकळलं, निघालो. पुढे उतारावर ब्रेक दाबला तर पेडल मऊ. अर्ध्यापेक्षा खाली गेलं. पुन्हा दाबला, आणखी खाली. पोरगा बाजूला बसून गाणं म्हणून राहिला होता. पहिल्या गियरमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला, पुढचा ब्रेक थोडा शिल्लक होता, बांधाला टेकवून थांबवली. हातपाय गार पडले होते माझे. खाली वाकून मागच्या होजपाइपवरचा चिखल बोटानं पुसला तर बोटाला ब्रेक ऑइल. जॅक चेसीला लावून गाडी उचलली, चाक खाली लोंबलं आणि तो रबराचा पाइप तंबोऱ्याच्या तारेसारखा ताठ! शॉकअप लांब टाकले म्हणून चाक जास्त खाली जायला लागलं, आणि पाइप जुन्याच लांबीचा. दहा मिनिटांची तपासणी आहे ही, चेसीला जॅक, चाक लोंबकळू द्या, पाइप आणि एबीएसची वायर हातानं हलवून पाहा. ती कोणी केली नाही. विचारलं तर उत्तर काय, किटमध्ये पाइप येत नाही. अरे, येत नाही तर वेगळा टाका ना! गाडीत माणसं बसतात. याचा राग माझा आजही गेला नाही आणि तो जाऊही नये असंच मला वाटते.

बरं, चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली म्हणतात. तर आता पटापट, लिहून घ्या.

आधी टायर ठरवा. २४५/७५ आर १६ म्हणजे रुंदी २४५, त्याच्या ७५ टक्के म्हणजे साधारण १८४ ही बाजूची भिंत, ती दोनदा, अधिक १६ इंचाची रिम ४०६, झाले ७७४ मिलिमीटर. २६५/७५ चा होतो ८०४, म्हणजे डिफ १५ वर. २८५/७५ चा ८३४, डिफ ३० वर. आणि माझा आवडता, २३५/८५ आर १६, जो जुन्या डिफेंडरला यायचा, तो ८०६. २६५ एवढाच उंच आणि कंपनीच्या टायरपेक्षाही अरुंद! मामाचं चाकच म्हणा. मिळायला त्रास होतो, मिळाला तर लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, कंपनीच्या टायरपेक्षा कमी नको.

मग तो टायर मावेल एवढीच लिफ्ट. थारच्या पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वेगळं हलते, जास्त उचललं की सीव्ही जॉइंटचा, म्हणजे चाकाला ताकद देणाऱ्या सांध्याचा, कोन वाढते, त्यावरचे रबरी बूट फाटतात, कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, बिघडते. मी दीड इंचाच्या वर जात नाही. आणि स्पेसरपेक्षा वजन मोजून घेतलेली स्प्रिंग चांगली. जिप्सीवाल्यांना पाटे आहेत, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंग, तुमचं वेगळं, पाट्याचं टोक चेसीला जोडते ते शॅकल लांब टाकून उंची घेऊ नका, एक्सल फिरते आणि प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर, म्हणजे त्याच्या सांध्यावर, ताण येते. लिफ्ट झाली की अलाइनमेंट त्याच दिवशी.

मोठ्या टायरनं गियर लांब होतात. ८३४ चा टायर टाकला तर मीटर ८० दाखवते तेव्हा गाडी ८६ नं पळून राहिली असते. चढावर फोर लोमध्ये, म्हणजे चारही चाकांच्या हळू गियरमध्ये, दम कमी, ब्रेकला वजन जास्त, गाडी उंच म्हणून वळणावर कलंडायची भीती जास्त. चिखलात हवा १८ ते २० पीएसआय करा, पण कंप्रेसर सोबत पाहिजेच, तेवढ्या हवेवर समृद्धीच्या सिमेंटवर चढू नका, उन्हाळ्यात तर टायर तापून फुटेल.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१९ चा निकाल आहे, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून हटून बदल चालत नाही. कलम १८२ अ मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. स्पेसर टाकण्याआधी आरटीओत आणि इन्शुरन्सवाल्याला विचारा. मी माझे काढून टाकले.

वेळ संपला म्हणतात. खाली पार्किंगमध्ये माझी गाडी आहे, स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे वळवून ठेवलंय. जाताना पुढच्या टायर आणि लायनरच्या, म्हणजे चाकावरच्या प्लॅस्टिकच्या आवरणाच्या, मधे हात घालून पाहा, माझी चार बोटं जातात. मग आपल्या गाडीत घालून पाहा. आणि जॅक आणलाय मी, ज्यांना होजपाइप बघायचाय त्यांनी थांबा, एकेक गाडी घेतो.